मुख्याध्यापकांचा विरोध नेमका कशाला?

शुक्रवार, दिनांक ५ डिसेंबर २०२५ हा दिवस बारामती व इंदापूर तालुक्यांतील पालकांच्या स्मरणात असेल. राज्यातील शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या संघटनांनी त्या दिवशी शाळा बंद ठेवण्याची हाक दिली होती. एक दिवसाचे वेतन कापले जाईल, असा इशारा शिक्षण खात्याने दिला होता. तरीही राज्यात अनेक ठिकाणी शाळा बंद राहिल्या आणि मोर्चे निघाले. शिक्षकच परीक्षेला घाबरतात, मग मुलांनी काय करावे, असा एक सोपा शेरा त्यानंतर अनेकांच्या तोंडी ऐकू येऊ लागला. मिस्सानंतर मंदिराच्या आवारात उभे राहून बोलणाऱ्या आपल्या काही बंधुभगिनींकडूनही आम्ही तो ऐकला. हा शेरा अन्यायाचा आहे असे आम्हांस वाटते. मात्र संघटनांची प्रत्येक मागणी योग्यच आहे, असेही आमचे म्हणणे नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत.

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली संमत केला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. संविधानात २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने घातलेल्या कलम २१-अ ला मूर्त रूप देणारा हा कायदा होय. पुण्यातच राहून कार्य केलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याला किती उशीर झाला ते कळते. कायदा केवळ प्रवेशाचा नाही. शाळा कशी असावी, शिक्षक किती असावेत, वर्षाचे किती दिवस व किती तास अध्यापन व्हावे, याचे देशभर लागू होणारे निकष त्याच्या परिशिष्टात दिलेले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास. साठपर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान, ग्रंथालय, कुंपण. शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचा अधिकार कलम २३ अन्वये केंद्राने नेमलेल्या संस्थेकडे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेला. या परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढून शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सगळेच आता टीईटी म्हणतात, ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आवश्यक केली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१३ मध्ये तसा निर्णय घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यातील पहिली टीईटी झाली.

आता वादाचा मुद्दा. ज्यांची नेमणूक या सर्वांच्या आधी झाली, त्यांचे काय? २०१० च्या अधिसूचनेतच आधीच्या नियमांनुसार रीतसर नेमलेल्या शिक्षकांना नवी पात्रता मिळविण्याची गरज नाही, असे म्हटले होते. त्यावर विसंबून हजारो शिक्षकांनी पुढची पंधरा वर्षे काढली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने जो निकाल दिला, त्याने हा आधार काढून घेतला. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांना सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांनी निवृत्तीपर्यंत काम करावे, पण टीईटीशिवाय त्यांना पदोन्नती मिळणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. चांगले शिक्षण हाच शिक्षणहक्काचा गाभा आहे व चांगल्या शिक्षकावाचून ते शक्य नाही, ही त्यामागची न्यायालयाची भूमिका. विशेष म्हणजे, ज्या प्रकरणात हा निकाल झाला ते महाराष्ट्रातूनच गेले होते. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन असे त्याचे नाव, आणि मूळ प्रश्न अल्पसंख्याकांच्या शाळांना टीईटी लागू होते की नाही, हा होता. त्याकडे आपण पुढे वळू, कारण तो आपल्या घरातला प्रश्न आहे.

आधी जिल्हा परिषदेच्या शाळेकडे. समजा, १९७३ साली जन्मलेल्या एक शिक्षिका १९९६ मध्ये डी.एड. करून नोकरीस लागल्या. ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३१ मध्ये त्या निवृत्त होतील. निकालाच्या दिवशी त्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेली असल्याने ऑगस्ट २०२७ संपण्यापूर्वी त्यांनी टीईटी उत्तीर्ण व्हायला हवे. त्यांच्याच शेजारच्या वर्गावरील, १९७१ साली जन्मलेले शिक्षक मात्र त्यातून सुटले. पण त्या शिक्षकांना मुख्याध्यापकपद मिळणार असेल तर तेही आता टीईटीवाचून मिळणार नाही. पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न व दीडशे गुण असतात: बालमानसशास्त्र व अध्यापन, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस. खुल्या प्रवर्गास ६० टक्के व राखीव प्रवर्गांस ५५ टक्के गुण हवेत. प्रश्न पर्यायी उत्तरांचे. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण महाराष्ट्रात अनेक वेळा एक आकडीच राहिले आहे, आणि हे उमेदवार बहुतांशी नुकतेच पदविका घेऊन बाहेर पडलेले तरुण असतात.

मुख्याध्यापकांचा पहिला आक्षेप येथे येतो, आणि तो आम्हांस बिनतोड वाटतो. नेमणुकीच्या वेळी शासनाने जी पात्रता मागितली ती या शिक्षकांनी पूर्ण केली होती. २००० सालानंतर आलेल्यांनी तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपयांवर काम करून मग कायम वेतनश्रेणी मिळविली. नियम नंतर बदलला आणि त्याची किंमत मात्र ज्यांनी नियम पाळला त्यांनी मोजायची, याला न्याय म्हणणे कठीण. शिवाय, परीक्षा घेणारी व्यवस्था स्वतः किती पात्र ठरली? नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या टीईटीनंतर राज्यात पुढची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्याआधीच्या, जानेवारी २०२० मधील परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढविल्याचे उघडकीस आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ७८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. दोन वर्षांच्या मुदतीत राज्याची परीक्षा किती वेळा होईल, हे शिक्षकाच्या हाती नाही. केंद्राची सीटीईटी हा दुसरा मार्ग खुला आहे, हे खरे. परंतु दिवसा वर्ग, सायंकाळी माहिती भरणे आणि रात्री पर्यायी प्रश्नांचा सराव, असे वेळापत्रक पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कसे सांभाळायचे, याचा विचार व्हायला हवा होता.

हे माहिती भरणे काय असते, ते शाळेच्या बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पटसंख्या, पोषण आहार, आधार जुळणी, शिष्यवृत्ती, निपुण अभियानातील चाचण्यांचे गुण, सगळे ऑनलाइन. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावे व साधी गणिते करता यावीत, हे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्टाबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. ज्या मुलाला तिसरीत वाचता येत नाही, त्याची पुढची सगळी शाळा वाया जाते, हे कोणताही जुना मास्तर सांगेल. मात्र वर्गातील पंचवीस मुलांचे वाचन ऐकायला जो तास हवा, तोच तास त्या वाचनाची नोंद चढविण्यात जातो. त्यात मतदार याद्यांचे काम येते. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. आणि निवडणुका तर आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोठे ना कोठे चालूच असतात.

बारामती व इंदापूर यांचे स्वतःचे काही वेगळेपण आहे. ते राष्ट्रीय निकषांच्या तक्त्यात कोठेच दिसत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी साखर कारखान्यांची माळच लागली. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून व नगरच्या बाजूने ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपी घालून राहतात. त्यांची मुले शाळेत घ्यायची, वयानुरूप वर्गात बसवायची, आणि हंगाम संपताच ती निघून जातात. याच मुलांना काही वर्षे साखरशाळांनी सांभाळले. आता दुसरे चित्र पाहा. बारामतीच्या जिरायती पट्ट्यात आणि इंदापूरच्या उजनीकाठी कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्त्यांवर विखुरलेली आहेत. अशा वस्त्यांसाठी पंचवीस वर्षांपूर्वी राज्यात वस्तीशाळा निघाल्या, अल्प मानधनावर निमशिक्षक नेमले गेले, पुढे त्या शाळा नियमित झाल्या आणि २०१४ मध्ये त्या शिक्षकांनाही कायम करण्यात आले. अशा शाळेत बारा-पंधरा मुले असतात आणि दोन शिक्षक चार किंवा पाच इयत्ता एकत्र शिकवितात. पहिलीचे मूल अक्षर गिरवीत असताना चौथीला भागाकार समजावून द्यायचा, ही कला दीडशे पर्यायी प्रश्नांत मोजता येत नाही. तरीही हीच कला अवगत असलेल्या शिक्षकाला उद्या अपात्र म्हणून घरी पाठविले, तर त्याच्या जागी त्या वस्तीवर कोण येणार, हा प्रश्न मुख्याध्यापक विचारीत आहेत.

इंदापूर तालुक्याच्या इतिहासात याच्याशी मिळताजुळता एक धडा आहे, तो सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीस, १८२७ ते १८३० या काळात, रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचा, अशी त्याची पद्धत होती. ती इंग्लंडातील अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून आलेली, कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात मोजणी चुकीची निघाली, सारा पेलेना, आणि इंदापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले. त्यांनीही मोजणी सोडली नाही. पण मातीची प्रत जागेवर पाहिली, दर खाली आणले, आणि तीस वर्षे दर वाढणार नाही अशी हमी दिली. ओसाड जमिनी पुन्हा लागवडीस आल्या, आणि इंदापूरची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली.

निकष वरून लादले गेले म्हणून शाळाप्रमुखांनी विरोध करावा, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूझीलंडमध्ये २०१० साली शासनाने प्राथमिक शाळांसाठी वाचन, लेखन व गणित यांचे राष्ट्रीय निकष लागू केले, तेव्हा तेथील मुख्याध्यापकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. आधी काही शाळांत चाचणी घेऊन पाहावे आणि मगच लागू करावे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार बदलल्यावर, २०१७ च्या अखेरीस, ते निकष रद्द झाले. इंग्लंडात तर १८६२ पासून सुमारे तीन दशके मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरत असे. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानाला हीच रीत बराच काळ लागू होती.

परंतु येथे आमच्या मुख्याध्यापक मित्रांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. राष्ट्रीय निकष सर्वच काही ओझे नसतात. १५ मार्च २०२४ रोजी राज्य शासनाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेत किती शिक्षकपदे मंजूर करायची याचे, नवे नियम काढले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तेथे शिक्षकाचे पदच उरत नाही, अशी संघटनांची तक्रार आहे. त्यासाठी त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सामुदायिक रजाही घेतली. या लढ्यात त्यांचा आधार कोणता? तोच २००९ चा केंद्रीय कायदा! विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असलाच पाहिजे, असे त्याचे परिशिष्ट सांगते. पटसंख्या कमी म्हणून शाळा गुंडाळता येणार नाही, एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असलीच पाहिजे, हे म्हणण्याचे बळ वस्तीवरच्या पालकाला राष्ट्रीय निकषानेच दिले. तेव्हा निकष नकोतच, ही भूमिका टिकणारी नाही. संघटनांच्या घोषणांत हा फरक पुसट होतो, आणि पालकांची सहानुभूती तेथेच कमी होते. गरीब घरातले मूल सरकारी शाळेत जाते; त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला विषय येतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या मुलाच्या आईला आहेच. तीस वर्षांची सेवा हे त्याचे आपोआप उत्तर नव्हे. मात्र त्या उत्तरासाठी वर्गात जाऊन अध्यापन पाहावे लागते, सेवांतर्गत प्रशिक्षण द्यावे लागते आणि त्यानंतर पारखावे लागते. एका रविवारच्या परीक्षेने ते स्वस्तात उरकते, इतकेच.

आता आपल्या शाळांविषयी. संविधानाच्या कलम ३० (१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावर राहू नये म्हणून न्यायालयांत दीर्घ लढे झाले, आणि त्यांतील काही आपल्या आसपासचे आहेत. १९५४ च्या जानेवारीत तत्कालीन मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये, असा आदेश काढला. नाशिकजवळील देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ती जिंकली. १९७४ मध्ये अहमदाबादच्या येशूसंघीय सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने या हक्काची व्याप्ती स्पष्ट केली. शिक्षणहक्क कायदा विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे २०१२ मध्ये ठरले. आणि ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही त्यातून वगळले.

सप्टेंबर २०२५ च्या निकालात दोन न्यायमूर्तींनी या २०१४ च्या निर्णयाच्या योग्यतेबद्दलच शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. त्याचा निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याकांच्या शाळा, मग त्या धार्मिक असोत वा भाषिक, या कायद्याच्या बाहेर राहतील, असेही त्यांनी नमूद केले. म्हणजे आपल्या शाळांतील शिक्षकांवर या निकालाने टीईटीची सक्ती आलेली नाही. पण मोठ्या पीठाने मत बदलले तर ती येऊ शकते, आणि केवळ टीईटीच नव्हे तर प्रवेशापासून इमारतीपर्यंत संपूर्ण कायदाच आपल्या दाराशी येईल.

काही जण या तात्पुरत्या सवलतीबद्दल समाधान व्यक्त करताना दिसतात. आम्हांस ते बरोबर वाटत नाही. १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. शिक्षक कोण असावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य संस्थेचे आहे. कमी शिकलेला, कमी वेतनावर मिळणारा शिक्षक ठेवण्याची मुभा त्यात नाही. न्यायमूर्तींनाही याच मुद्द्याने अस्वस्थ केलेले दिसते: कायद्याबाहेर राहणाऱ्या शाळांतील मुलांनी किमान दर्जाच्या हमीपासून वंचित का राहावे? या प्रश्नाला आपल्या शाळांनी न्यायालयात नव्हे, आधी वर्गात उत्तर दिलेले असावे. नव्या नेमणुका करताना टीईटी उत्तीर्ण उमेदवार उपलब्ध असेल तर त्याला प्राधान्य देण्यास कोणतेही कलम ३० आड येत नाही. त्याच वेळी, हा हक्क सहज सोडून देण्यासारखा नाही, हेही तितकेच खरे. शासनाचा आदेश चुकीचा असेल तेव्हा त्याविरुद्ध उभे राहण्याची ताकद बार्न्स हायस्कूलला याच हक्काने दिली होती.

पालक म्हणून आपल्या हाती काय आहे, हे शेवटी सांगतो. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. धर्मग्रामातील ज्या बंधुभगिनींची मुले या शाळांत आहेत, त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीला जावे. आपल्या शाळेतील किती शिक्षकांना ऑगस्ट २०२७ पूर्वी टीईटी द्यायची आहे, त्यांच्या अभ्यासासाठी प्रशासनाने काय सोय केली आहे, कोणी उत्तीर्ण होऊ शकले नाही तर त्या वर्गावर जूनमध्ये कोण उभे राहणार आहे, आणि मुख्याध्यापकाची जागा प्रभारीच राहणार की भरली जाणार, हे प्रश्न मुख्याध्यापकांना व केंद्रप्रमुखांना विचारावेत आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावेत. समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बारामती किंवा इंदापूर पंचायत समितीच्या कार्यालयात, पाठविता येतो. त्याची पोच मागून घ्यावी.